गोचीड काढायचेत, बैल नाही विकायचा

वाचक विचारतात

यावेळी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून जेवढे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याचे निघाले. लॅपटॉप नवा कोरा, पण उघडला की न मागितलेलं बाड आत आधीच भरलेलं, ते काढायचं कसं. म्हणून यावेळी दुसरं काही घेतलंच नाही. प्रिंटरवाल्यांनी जरा दम धरावा, त्यांचं पुढच्या अंकात बघू.

प्रश्न: सर, मी सेलूजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. मागच्या महिन्यात परभणीहून लॅपटॉप आणला, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. चालू केल्या दिवसापासून उजव्या कोपऱ्यातून अँटीव्हायरसची पाटी वर येते. परवा शिक्षण परिषदेत प्रोजेक्टर लावला आणि ऐन बोलायच्या वेळी पडद्यावर "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे" असं लाल अक्षरात आलं, सगळं सभागृह हसलं. दुकानदार म्हणतो ८०० रुपयांत फॉरमॅट मारून देतो. फॉरमॅट मारलं तर हे परत येणार नाही ना? आणि घरी जमेल का? – एक शिक्षिका, सेलू

उत्तर: ताई, ती लाल पाटी म्हणजे व्हायरस नाही, जाहिरात आहे. माळेगावच्या जत्रेतून बैल आणला तर कानामागं चार गोचीड येतातच, पण गोचीड बैलवाल्याला पैसे देत नाहीत, इथं देतात एवढाच फरक. अँटीव्हायरसवाले, गेमवाले, कुठलेतरी फोटोवाले लॅपटॉप कंपनीला आपला माल आत बसवायचे पैसे मोजतात, महिनाभर फुकट चालवतात आणि मग तुम्ही घाबरून पैसे भरले की त्यांची वसुली झाली. कंपनीलाही त्यात चार पैसे सुटतात म्हणून ती नाही म्हणत नाही.

बहुतेक वेळा हा नुसता वैताग असतो, पण एकदा गोष्ट लई पुढं गेली होती. २०१४ च्या शेवटाला लेनोवोच्या काही घरगुती लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर भरून आलं होतं. ते विंडोजमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट (साइट खरी आहे असं सांगणारा दाखला) बसवायचं, म्हणजे तुम्ही बँकेची कुलूपवाली साइट उघडली तरी मधे बसून बघायची सोय त्याला होती, आणि कहर म्हणजे सगळ्या लॅपटॉपवर त्या सर्टिफिकेटची चावी एकच. ती फोडायला जाणकारांना काही वेळ लागला नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोंब झाली, कंपनीनं काढायचं टूल दिलं आणि २०१७ मध्ये अमेरिकेत ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. तेव्हापासून मी घरातला कुठलाही नवा लॅपटॉप आधी कोरा करतो आणि मगच वापरायला देतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं. दुकानदार "फॉरमॅट" म्हणतो तेव्हा तो तीन वेगळ्या गोष्टींपैकी कुठलीही एक करत असतो, आणि परत येणार का नाही ते त्यावर ठरतं. पहिली म्हणजे सेटिंगमधलं "रिसेट धिस पीसी" दाबणं. यात लोकल रीइन्स्टॉल, म्हणजे लॅपटॉपमधल्याच फाइलींतून पुन्हा टाकणं, निवडलं तर कंपनीनं डिस्कवर लपवून ठेवलेलं सामान बऱ्याचदा पुन्हा अंगावर येतं, कारण ते त्यासाठीच तिथं ठेवलेलं असतं. दुसरी म्हणजे कंपनीच्या रिकव्हरीतून आणणं, डेल, एचपी, लेनोवो तिघांकडंही तशी सोय आहे, पण त्यातून कारखान्यातून निघाला होता तसाच लॅपटॉप मिळतो, म्हणजे गोचिडासकट. तिसरी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून कोरी विंडोज पेनड्राइव्हवर घेऊन डिस्क साफ पुसून टाकणं. तुम्हाला पाहिजे ती ही तिसरी. दुकानदाराला ८०० देण्याआधी एवढंच विचारा की तिन्हीतलं कुठलं करतोस दादा. उत्तर देताना तो गडबडला तर लॅपटॉप उचला आणि घरी या.

पण थांबा. त्रास फक्त त्या अँटीव्हायरसचा असेल तर एवढा उपद्व्याप करूच नका. सेटिंगमध्ये अॅप्सच्या यादीत जाऊन ते अनइन्स्टॉल करा, मग त्या अँटीव्हायरस कंपनीच्या साइटवर त्यांचंच एक साफसफाईचं टूल असतं, ते चालवा कारण नुसत्या अनइन्स्टॉलनं त्याची मुळं राहतात, आणि लॅपटॉप रिस्टार्ट करा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत आणि शाळेच्या कामाला तो पुरतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. यानंतरही कटकट राहिली तरच पुढचं वाचा.

कोरी विंडोज टाकायची म्हणजे पेनड्राइव्ह घालून बटणं दाबायचा भाग सोपा असतो, माणसं फसतात ती त्याच्या आधी. माझ्या पुतणीचा लॅपटॉप मी असाच घाईत पुसला होता आणि मग तिच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेलं ऑफिस गेलं कुठं म्हणून दोन दिवस शोधत बसलो. लॅपटॉपसोबत कायमचं ऑफिस आलं असेल तर आधी वर्ड उघडा, आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं ते अॅक्टिव्हेट करून घ्या, त्या अकाउंटचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा आणि मगच पुढं सरका. एकदा अकाउंटला जोडलं गेलं की लॅपटॉप दहा वेळा पुसला तरी ते परत उतरवता येतं.

दुसरं बिटलॉकर. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपची डिस्क तुम्हाला न विचारता कुलूपबंद होते. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की (कुलूप उघडायची चावी) तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, ती दुसऱ्या फोनवरून उघडून एकदा डोळ्यानं बघा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं आणि निळ्या पडद्यावर ती की मागितली तर ऐनवेळी धावपळ होत नाही. आणि तिसरं, डेस्कटॉपवरच्या फाइली वनड्राइव्हमध्ये गेल्यात असं समजून निवांत राहू नका, तिथं फुकटात ५ जीबीच जागा मिळते, ती भरली की पुढचं गुपचूप लॅपटॉपवरच पडून राहतं. शाळेचे फोटो, निकालपत्रकं, हजेरीच्या एक्सेल सगळं एका बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोनचार फाइली उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे उघडतेच असं नसतं.

लायसनची काळजी मात्र करू नका. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, लॅपटॉपसोबत येणाऱ्या विंडोजची की मदरबोर्डच्या चिपमध्येच भरलेली असते. सेटअप ती आपोआप वाचतो आणि तुमचं जे एडिशन (विंडोजचा प्रकार, होम का प्रो) असेल तेच टाकतो, आपल्याकडच्या घरगुती लॅपटॉपमध्ये बहुतेक होम सिंगल लँग्वेज असतं. इंटरनेट जोडलं की अॅक्टिव्हेट. म्हणूनच दुकानदार "प्रो टाकून देतो, लई भारी असतंय" म्हणाला तर नको म्हणा, तुमची की होमची आहे, प्रो चालवायला तो क्रॅक, म्हणजे लायसनला चकवणारा चोरटा प्रोग्राम, लावणार. त्याबद्दल खाली सिल्लोडच्या वाचकांना सांगितलंय ते बघा.

आता पेनड्राइव्ह. कमीत कमी ८ जीबीचा घ्या, त्यातलं सगळं जाणार आहे तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मीडिया क्रिएशन टूल आहे ते उतरवून चालवा, ते स्वतःच विंडोज डाउनलोड करून पेनड्राइव्हवर लिहितं. चार-पाच जीबीच्या वर डाटा जातो, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर हे होणार नाही, एखाद्या वायफायवाल्याकडं जा. त्याच पेनड्राइव्हवर एक फोल्डर करून तुमच्या मॉडेलच्या पानावरून वायफायचा ड्रायव्हर (तो भाग विंडोजला ओळखवून देणारा प्रोग्राम) आणि इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून ठेवा, हा दुसरा कशाला ते खाली नांदेडच्या उत्तरात आहे. मॉडेल नंबर लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, नंतर ते स्टिकर घासून जातं.

चार्जर लावा, लाइट जायची वेळ असेल तर बॅटरी आधी भरून घ्या. लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताना बूट मेन्यूचं बटण टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, असूसला एस्केप, एसरला एफ१२ पण तो आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. पेनड्राइव्ह निवडला की सेटअप येतो. भाषेच्या पानावर "टाइम अँड करन्सी फॉरमॅट" असा एक रकाना असतो, तिथं भारत सोडून "इंग्लिश वर्ल्ड" निवडा. मजा अशी की मायक्रोसॉफ्टही धुतल्या तांदळासारखं नाही, कोऱ्या विंडोजमध्येसुद्धा स्टार्ट मेन्यूत गाणी-गेमच्या चिठ्ठ्या चिकटवतं, पण वर्ल्ड निवडलं की कुठल्या देशाच्या चिठ्ठ्या लावाव्यात ते त्याला कळत नाही. पुढं प्रदेशाबद्दल एक एरर येते, तिथं स्किप दाबायचं, आणि सगळं झालं की सेटिंगमध्ये जाऊन प्रदेश भारत करून टाकायचा. मी मागच्या वेळेपर्यंत असंच केलंय आणि चाललंय.

मग येतं ते पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांचं पान, इथं हात थरथरतो सगळ्यांचा. एकाखाली एक ओळी दिसतात, शंभर किंवा दोनशे साठ एमबीचं सिस्टिम, सोळा एमबीचं एक, मग मोठ्ठं प्रायमरी, खाली एक-दोन रिकव्हरीची. ताई, तुमच्या लॅपटॉपमध्ये डिस्क एकच आहे आणि बॅकअप बाहेर आहे, तर "ड्राइव्ह ०" च्या सगळ्या ओळी एकेक करून डिलीट करा, सोळा एमबीवालीपण. शेवटी "अनअॅलोकेटेड स्पेस" अशी एकच ओळ उरली पाहिजे. ती निवडून पुढं जा, लागतील ती पार्टिशनं सेटअप स्वतः पाडून घेतो. पण ज्यांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडीशिवाय वेगळी हार्ड डिस्क आहे त्यांनी आकार बघून एसएसडी कुठली ते आधी ओळखायचं, नुसत्या ० आणि १ वर जायचं नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हला हात लावायचा नाही. आणि पेनड्राइव्हही याच यादीत दिसतो, तोही डिलीट करणारे महाभाग मी बघितलेत.

एसएसडीवर वीसेक मिनिटांत उरकतं, चहा ठेवून या. त्यानंतर विंडोज ११ इंटरनेट मागतं आणि कधीकधी वायफायच दाखवत नाही, कारण ड्रायव्हर नाही. तिथं अडून बसू नका, अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला वाटतं वायरचं इंटरनेट मिळालं. माझा निम्मा धंदा या एका केबलवर चाललाय म्हटलं तरी चालेल. लॉगिन झालं की विंडोज अपडेट लावून द्या, बहुतेक ड्रायव्हर तेच आणतं.

कंपनीचं सगळंच वाईट असं मात्र नाही बरं का. लेनोवोचं व्हँटेज किंवा असूसचं मायअसूस यात बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते, दिवसभर चार्जरवर राहणाऱ्या लॅपटॉपला ती पाहिजेच, बायोसचे अपडेटपण तिथूनच येतात. असलं एक अॅप ठेवा, बाकीची वरात नको. आणि कोरी विंडोज टाकूनही पहिल्याच दिवशी कंपनीचं एखादं अॅप "मला बसवू का" विचारायला आलं तर घाबरू नका, विंडोजमध्ये अशी सोयच आहे की कंपनी बायोसच्या चिपमध्ये एक प्रोग्राम ठेवू शकते आणि विंडोज तो बूटला चालवते. नाही म्हणा. काही मॉडेलच्या बायोसमध्ये ते बंद करायचं बटणही असतं.

प्रश्न: नमस्कार, सिल्लोड तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. लॅपटॉप हँग व्हायलाय म्हणून गावातल्या दुकानात दिला, त्यानं नवी विंडोज टाकून दिली, आता अंगठ्याचं मशीनच चालत नाही आणि कोपऱ्यात विंडोज प्रो लिहून येतंय. आधी होम होती. गिऱ्हाईक दारात उभं आहे, काय करावं? – एक केंद्रचालक, सिल्लोड

उत्तर: दादा, अंगठ्याचं आधी. त्याला दोन गोष्टी लागतात, मशीनचा ड्रायव्हर आणि त्याची आरडी सर्व्हिस (अंगठा आधारकडं पोचवणारा प्रोग्राम), दोन्ही तुमच्या मशीनच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली झिप फाइल नको. मशीनचा नेमका मॉडेल नंबर बघा, एमएफएस१०० आणि एमएफएस११० दिसायला सारखेच वाटतात पण सर्व्हिस वेगळी. डिजिटल सहीचं टोकन असेल तर त्याचाही ड्रायव्हर परत टाकायचा, सही टोकनमध्येच असते, फॉरमॅटनं ती जात नाही.

आता प्रोचं. तुमच्याकडं होमची पक्की की असताना दुकानदारानं प्रो टाकून क्रॅक लावलाय. क्रॅक लावताना पहिलं काम काय करतात तर डिफेंडर बंद करतात किंवा त्याला एका फोल्डरकडं बघू नको म्हणून सांगतात, नाहीतर तो क्रॅकच पकडला जातो. म्हणजे ज्या लॅपटॉपवर लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुक रोज स्कॅन होतात त्याचं दार उघडं. हँग होणं परवडलं पण हे नाही. यावर वरवरचा इलाज नको, वर ताईंना सांगितलंय तसं कोरं करा, सेटअप आपोआप होम टाकेल आणि ती फुकटात अॅक्टिव्हेट होईल. जर सेटअपनं एडिशन विचारलंच तर होम सिंगल लँग्वेज घ्या. पोर्टलचे पासवर्ड बदला, ते दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, त्याच्याकडं पेनड्राइव्ह एकच आहे आणि गावाला तो तेच वाढतो.

प्रश्न: मोंढ्यात आडत दुकानावर हिशोब बघतो. मालक म्हणतात नव्या सीझनच्या आधी कॉम्प्युटर फॉरमॅट करून घे. टॅलीचं काय होईल? – एक मुनीम, लातूर

उत्तर: मुनीमजी, सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आधी करा, दिवाळीच्या तोंडावर नको. टॅलीत दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक डाटा आणि एक लायसन, लोक डाटा घेतात आणि लायसन विसरतात. डाटाचा रस्ता टॅलीमध्येच कंपनी निवडायच्या पडद्यावर दिसतो, तो आख्खा फोल्डर बाहेर घ्या, वर टॅलीतूनही एक बॅकअप काढा. आणि फॉरमॅटच्या आधी टॅलीत लायसन सरेंडर करा, मग नव्या विंडोजवर तेच अॅक्टिव्हेट करायचं. विसरलात तर जग बुडत नाही, पण टॅलीच्या माणसाच्या मागं फिरावं लागतं, आणि मोंढा चालू असताना तो फोन उचलत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

प्रश्न: दादा मी नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. पेनड्राइव्ह बनवला, बूट झाला, पण डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामीच, एकही ड्राइव्ह नाही. एसएसडी मेली का? जुनी विंडोज तर चालतेय. – एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: नाही मेली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी म्हणून एक प्रकार चालू असतो, एसएसडी त्याच्या पडद्याआड बसते आणि सेटअपकडं तिचा ड्रायव्हर नसतो. वर मी रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवा म्हणालो ते याच्यासाठी. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो घे, एक्झ फाइल असेल तर ती उलगडून आतला आयएनएफवाला फोल्डर पेनड्राइव्हवर टाक, आणि त्याच रिकाम्या पानावर "लोड ड्रायव्हर" दाबून तो दाखव. डिस्क लगेच येते. यूट्यूबवर पोरं सांगतात बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा, तेही चालतं, पण तसं केलंस तर सध्याची विंडोज बूट व्हायची नाही, म्हणजे मधेच विचार बदलला तर परतीचा रस्ता बंद. आधी ड्रायव्हर.

प्रश्न: आमच्या वाचनालयात २०१६ चे दोन लॅपटॉप आहेत, विंडोज १०. कोरं करून विंडोज ११ टाकावं का? मराठी टाइपिंग रोज लागतं. – एक ग्रंथपाल, अंबाजोगाई

उत्तर: विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, २०१६ चं मशीन त्यात बसत नाही. जुगाड करून टाकणारे आहेत, वाचनालयात ते नको. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे चालतं पण डागडुजी थांबली. तुमचं काम ब्राउझर, टाइपिंग आणि प्रिंट एवढंच असेल तर एका लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून बघा, पेनड्राइव्हवरूनच न टाकता चालवून बघता येतं, त्यात प्रिंटर आणि वायफाय चाललं तरच पुढं जा. त्यात घाबरवून पैसे मागणाऱ्या पाट्या वर येत नाहीत, हे सुख वेगळंच. इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत असेल तर मराठी अडत नाही. पण जुन्या फाइली युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या असतील, आपल्याकडच्या जुन्या अहवालांचं तेच दुखणं असतं, तर एक लॅपटॉप विंडोजवरच ठेवा आणि तो नेटपासून लांब ठेवा. आणि दोन्हीत अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा, कोरी विंडोज काय किंवा लिनक्स काय, त्या डिस्कवर सगळंच रखडतं.

प्रश्न: सर, एक स्क्रिप्ट मिळाली आहे, एका एंटरला विंडोजमधलं सगळं फालतू काढते. टाकू का? – हिंगोली

उत्तर: ज्यात काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता येत नसेल ते अॅडमिन म्हणून चालवू नका. एकानं असंच सगळं "फालतू" काढलं, त्यात कॅल्क्युलेटर आणि स्टोअरपण गेलं आणि मग ते परत आणायला माझ्याकडं आला. हातानं दहा अॅप काढायला दहा मिनिटं लागतात.

प्रश्न: धाराशिवहून लिहितो. पोराच्या शिक्षणाला १८ हजारात जुना लॅपटॉप घेतला, पुण्याहून आलेला कंपनीचा माल म्हणून दिला. चांगला चालू होता. पोरानं तुमच्यासारखंच कोरं करायला विंडोज टाकली तर आता चालू होताच एका कंपनीचं नाव येतंय आणि तिचाच ईमेल पासवर्ड मागतंय. तीनदा टाकून बघितली, तेच. पोरगं रडकुंडीला आलंय, मीच बिघडवलं म्हणतंय. – एक शेतकरी पालक

उत्तर: काका, पोरानं काहीच बिघडवलं नाही, त्याला आधी हे वाचून दाखवा. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टकडं ऑटोपायलट नावाच्या सोयीत नोंदवून ठेवतात. त्या लॅपटॉपची ओळख इंटरनेटवर नोंदलेली असते, डिस्कवर नसते, म्हणून डिस्क कितीही पुसली, नवी बसवली तरी सेटअपला नेट मिळालं की तो विचारतो, हा कुणाचा, आणि उत्तर येतं त्या कंपनीचं. जनावराच्या कानातला बिल्ला म्हणा ना, दावं बदललं तरी नंबर तोच. आधी चांगला चालत होता कारण विकणाऱ्यानं नेट न लावता विंडोज टाकून दिली असणार. त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

यावर तुमच्या बाजूनं कायमचा इलाज नाही. नेट न लावता टाकायचे जुगाड आहेत, पण पुढच्या फॉरमॅटला पुन्हा तेच होणार, आणि मुख्य म्हणजे माल खरंच कंपनीनं विकलेला आहे का चोरीचा आहे हे तुम्हाला अजून माहीत नाही. नोंद काढता येते ती फक्त त्या कंपनीच्या आयटीवाल्यांना. म्हणून पावती घेऊन विकणाऱ्याकडं जा, त्या पडद्याचा फोटो दाखवा आणि सांगा की मूळ कंपनीकडून नोंद काढून आण, नाहीतर पैसे परत कर. खरा माल असेल तर त्याच्याकडं कंपनीनं विकल्याचा कागद असतो. कागद नाही, पावती नाही म्हणाला तर पोराला सांगा त्या लॅपटॉपवर काही साठवू नको.

आणि पुढच्या वेळी जुना लॅपटॉप घ्यायला जाताना पोरालाच सोबत न्या, आपला पेनड्राइव्ह खिशात ठेवा, दुकानातच डिस्क पुसून कोरी विंडोज टाका, फोनचं नेट जोडा आणि "हा लॅपटॉप स्वतःच्या वापरासाठी का ऑफिससाठी" हे विचारणारं पान, किंवा होम असेल तर तुमचं स्वतःचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागणारं पान, येईपर्यंत पैसे काढू नका. अर्धा तास लागतो. दुकानदार कुरकुर करेल, बसू द्या म्हणावं, चहा आम्हीच सांगतो.